न जुळलेला चेहरा

परत आल्यापासून कडेगावात जो भेटतो तो पहिल्यांदा एकच विचारतो, "जहाजावर उलट्या होतात का गं?" होतात. पहिले दोन दिवस. मग पायांना कळतं की खालची जमीन हलणारच आहे, आणि ते आपलं आपण सांभाळून घेतात. दुसरा प्रश्न असतो, "फोटोच काढायचे तर एवढ्या लांब कशाला?" त्याचं उत्तर उभ्या उभ्या देता येत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

सांगलीत एका स्टुडिओत मी चार वर्षं काम केलं. लग्नं, डोहाळजेवणं, बारशी, आणि हल्ली ज्याच्याशिवाय लग्न लागत नाही ते प्री-वेडिंग. उसाला तुरे आले की त्यात उभी केलेली नवरा-नवरी मी इतकी काढली, की पुढेपुढे मला उसाच्या फडात माणूस दिसला तरी बोट आपोआप वळायचं. एक दिवस क्रूझ जहाजावर फोटोग्राफर हवेत अशी जाहिरात मोबाईलवर दिसली. ऑनलाइन मुलाखत झाली, मुंबईला जाऊन सेफ्टीचा कोर्स झाला. त्यात लाइफजॅकेट घालून तलावात उडी मारायची असते. मी विहिरीत पोहायला शिकलेली, त्यामुळे ती गंमतच वाटली. माझा भाऊ लष्करात आहे. निघायच्या दिवशी अण्णा म्हणाले, "एक पोरगं बर्फात, एक पोरगी पाण्यात. मधी ऊस आन् मी."

प्रवासाचं, विमानतळावरच्या रांगांचं सांगत नाही. ते सगळीकडे सारखंच असतं.

साउदॅम्प्टन

जहाज पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते जहाज आहे हे कळलंच नाही. बंदरावरच्या इमारतींमागे आणखी एक बारा मजली इमारत, एवढंच वाटलं. मग तिच्या खालून दोर निघालेले दिसले.

माझी बॉस मिरेला, रोमानियाची. बारीक, उंच, कधी न बसणारी. तिनं पहिल्याच दिवशी मला चढणाऱ्या प्रवाशांचे फोटो काढायला उभं केलं. जहाजाचं नाव लिहिलेलं एक पांढरं लाइफ-बॉयचं, म्हणजे बुडणाऱ्याला फेकतात ते कडं, त्याच्यामागे जोडपं, आणि आठ सेकंद. "आठ," ती म्हणाली. "नऊ झाले तर मागची रांग चिडते, सात झाले तर फोटो विकत नाही." हनुवटी खाली, वजन मागच्या पायावर, बाईचा हात पुरुषाच्या कोटावर. सांगलीत फोटोग्राफर हा लग्नातला हवालदार असतो. भटजीलासुद्धा थांबवतो. इथं मी विक्रेती होते. आणखी एक फरक लगेच जाणवला. आपल्याकडची म्हातारी माणसं कॅमेऱ्यापुढे साक्षीला उभी राहिल्यासारखी उभी राहतात. इथं ऐंशी वर्षांची माणसं सगळे दात दाखवून हसत होती.

प्रवाशांच्या बॅगा तपासायच्या मशीनपाशी सिक्युरिटीचे एक गृहस्थ उभे होते. पन्नाशीचे, मिशा कातरलेल्या. माझ्या छातीवरची पाटी वाचून त्यांनी हिंदीत विचारलं, "कहाँ की?" मी सांगितलं, सांगली जिल्हा, कडेगाव.

"आयला!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की रांगेतली चार माणसं वळली. "मी आटपाडीचा की गं! कदम. मिलिट्रीतनं हवालदार म्हनून रिटायर झालो, आन् हितं यून पुन्हा गेटवरच हुबा राह्यलो. जेवलीस का?"

"न्हाई अजून, मामा."

"मग जेवून घे. खाली भात-आमटी असती. आपल्यावानी न्हाई, पर गरम असती."

माझ्याही तोंडात घरची बोली आली होती. सांगलीत चार वर्षं ती मी झाकून ठेवली होती. आम्ही दोघं तसंच बोलत राहिलो, पाऊस, ऊस, टेंभू योजनेचं पाणी आटपाडीला आलं त्याबद्दल. शेजारून व्हीलचेअरी जात होत्या, फरचे कोट जात होते, आणि माझं बोट दर आठ सेकंदांनी बटण दाबत होतं.

उत्तरेकडे

दोन आठवड्यांची सफर होती, नॉर्वेच्या किनाऱ्याकिनाऱ्यानं वर. जूनचे दिवस. जसजसं वर गेलो तसतशी रात्र लहान होत गेली आणि चौथ्या दिवशी ती आलीच नाही. हे वाचायला छान वाटतं. प्रत्यक्षात त्या उजेडाचा त्रास होतो. तो सकाळचा नसतो, संध्याकाळचाही नसतो. सावल्या लांब पडतात आणि तशाच राहतात. जेवणाच्या घंटेशिवाय दिवस कुठे संपला हे कळत नाही. मला झोपेत सारखं वाटायचं की मी काहीतरी अर्धवट टाकून आलेय.

शिकाऊ म्हणून माझ्याकडे एक काम होतं. जहाजावर आम्ही पाचजण दिवसाला हजारो फोटो काढायचो. ते कॉम्प्युटर चेहऱ्यावरून वेगळे करायचा आणि ज्याचे त्याचे त्याच्या केबिनच्या नंबरात टाकायचा. ज्या चेहऱ्याचा नंबर लागत नाही, तो एका वेगळ्या फोल्डरमध्ये जायचा. न जुळलेले. रोज सकाळी ते फोल्डर उघडायचं, डोळ्यांनी बघून जुळेल ते जुळवायचं, बाकीचं पुसून टाकायचं. बहुतेक वेटर असायचे, धक्क्यावरचे हमाल, पाठमोरी माणसं. एकदा तर जिन्यातला पुतळा निघाला होता.

दुसऱ्या दिवशी त्यात एक बाई होती. एका जोडप्याच्या मागे, लांब, लिफ्टच्या दाराशी. म्हातारी, आखूड कापलेले पांढरे केस, राखाडी स्वेटर. गव्हाळ होती की उन्हानं रापलेली, ते त्या पिवळ्या उजेडात सांगता येत नव्हतं. तिथं सगळेच गव्हाळ दिसतात. माझं लक्ष गेलं ते वेगळ्याच कारणानं. मागच्या गर्दीतली माणसं इकडेतिकडे बघत असतात. ही सरळ लेन्समध्ये बघत होती.

तिसऱ्या दिवशी तिचे चार फोटो निघाले. जेवणाच्या हॉलमधल्या खांबापाशी. पायऱ्यांच्या कठड्यापाशी. चारही फोटोंत एकच नजर. मी बाकीच्या चौघांचे फोटो उघडून बघितले. त्यांच्या एकाही फोटोत ती नव्हती. फक्त माझ्या.

चौथ्या दिवशी एका नव्या जोडप्याचा फोटो होता, आमच्या स्टुडिओत रंगवलेल्या जिन्याच्या पडद्यापुढे काढलेला. नवरा, बायको, आणि त्या दोघांच्या खांद्यांमधल्या फटीत तिचा अर्धा चेहरा. पडद्याच्या कडेला तिची चार बोटं. म्हणजे मी फोटो काढला तेव्हा ती माझ्यापासून दहा फुटांवर होती. मला दिसली नव्हती. व्ह्यूफाइंडरमधून मी फक्त गिऱ्हाइकाचे डोळे बघते, ते मिटलेले नाहीत ना एवढंच. पण हे स्वतःला समजावून सांगून अंगावरचा काटा जात नाही. मी सगळे फोटो वेळेच्या क्रमानं लावले. लिफ्ट, खांब, कठडा, पडदा. प्रत्येक फोटोत ती आधीपेक्षा जवळ आली होती.

मिरेलाला दाखवले. तिनं खांद्यावरून एकदा बघितलं. "जहाजावर तीन हजार माणसं आहेत. त्यातलं एखादं बघणारच. पूस."

मी हो म्हणाले आणि पुसले नाहीत. का, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

धुक्याचा दिवस

पाचव्या दिवशी सकाळी जहाज धुक्यात शिरलं. आमच्याकडे डोंगरावरून खाली उतरतं ते धुकं मला माहीत होतं. त्यात झाडं पुसट होतात, पण कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं, कुणीतरी मोटर चालू केलेली कळते. इथं खिडकीबाहेर पांढरं होतं आणि त्यात काहीच नव्हतं. दर दोन मिनिटांनी जहाज भोंगा देत होतं. तो आवाज कानाला नाही, पोटाला ऐकू येतो.

नऊ वाजता मी स्टुडिओत एकटीच होते. जिन्याचा पडदा ताणून बांधत होते. एक भोंगा झाला. दुसरा व्हायच्या आधी, पडद्यामागून आवाज आला.

"आगं ए, वडूजची गाडी कवा हाय?"

आधी वाटलं, मोबाईलवर काहीतरी लागलं. मोबाईल खाली केबिनमध्ये होता. आवाज बाईचा, म्हातारा, आणि त्यात वेगळं असं काहीच नव्हतं. एसटी स्टँडवर शेजारी बसलेली बाई विचारते तसा. मला एवढंही आठवतंय की माझ्या जिभेवर उत्तर आलं होतं, मला न्हाई म्हाईत. मी ते बोलले नाही. बोलले असते तर कुणाशी बोलले असते?

दुसरा भोंगा झाला. मी पडदा बाजूला केला. मागे कुणी नव्हतं. भिंतीतलं कामगारांचं दार हळूहळू मिटत होतं, त्या दारांना असतं तसं यंत्र लावलेलं, सावकाश मिटणारं. बाहेरचा कॉरिडॉर लांबवर रिकामा होता.

मी तशीच कदममामांकडे गेले. ते चौथ्या मजल्यावर ड्युटीला होते. घडलं ते सांगितलं. मला वाटलं ते हसतील. ते हसले नाहीत. त्यांनी हातातला चहा खाली ठेवला.

"तुला बी?" ते म्हणाले.

"म्हंजे?"

"परवा लिफ्टपाशी हुबा हुतो. मागनं कुनीतरी म्हनलं, 'आवं हवालदार.' वळून बघस्तवर गर्दी. मी त्याच दिवशी यादी बघितली. पॅसेंजरात एक बी नाव आपलं न्हाई, इंडियन पासपोर्टच न्हाई. दोनदा बघितली." त्यांनी मागच्या कॉरिडॉरकडे बघून घेतलं. "बर्फात तीन-तीन महिनं पोस्टवर काढल्यात मी. तिथं बी आवाज ऐकू येत्यात मानसाला. पर दोघांला एकच आवाज येत न्हाई."

त्यांनी खिशातून एक पुडी काढली आणि माझ्या कपाळाला भंडारा लावला. मग स्वतःच्या. स्वच्छ इस्त्रीचा युनिफॉर्म, कमरेला वॉकीटॉकी, आणि कपाळावर हळद. त्यांनी ती लगेच पुसलीही, कॅमेरे होते म्हणून.

दुपारी चारच्या सुमाराला स्पीकरवरून एका बाईंना रिसेप्शनला यायला सांगितलं गेलं. मिसेस अ‍ॅन अमुकतमुक. दहा मिनिटांनी पुन्हा. तिसऱ्यांदा झाल्यावर मिरेलानं हातातलं काम थांबवलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तीनदा म्हणजे काय.

कदममामा एक कागद घेऊन आमच्याकडे आले. एक म्हातारी बाई केबिनमध्ये नाही. नवरा जेवणानंतर डुलकी घ्यायला पडला, उठला तर ती नव्हती. अकरा मजले शोधून झाले होते. वर कॅप्टन जहाज मागे वळवायच्या तयारीत होता. त्या पाण्यात माणूस फार वेळ टिकत नाही. तुमच्या फोटोंत ती शेवटची कुठं दिसते ते बघा, असा निरोप होता.

मिरेलानं केबिनचा नंबर टाकला. एकही फोटो नाही. चढताना ती बाई व्हीलचेअरवर, टोपी आणि मास्क घालून आली होती. तिचा फोटो न काढता पासपोर्टवरचाच जुना फोटो यादीला लावला होता. तो कागदावर होता. भरलेल्या गालांची, काळ्या केसांची, लिपस्टिक लावलेली बाई. ब्रिटिश पासपोर्ट. मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

मग मी तिच्या हनुवटीकडे बघितलं. फोटो फिकट होता, पण तिथं तीन हिरवे ठिपके होते.

"मामा, हे बघा."

ते वाकले. "गोंदलंय," ते हळूच म्हणाले.

मी न जुळलेल्यांचं फोल्डर उघडलं. पडद्यामागचा अर्धा चेहरा मोठा केला, आणखी मोठा केला. गाल आत गेलेले, केस पांढरे, सगळा चेहरा उतरलेला. तीन ठिपके जागच्या जागी.

हे फोटो का पुसले नाहीस, असं मिरेलानं विचारलं नाही.

"ती पाण्यात पडलेली नाही," मी इंग्रजीत म्हणाले. "ती बस स्टँडवर आहे. तिला तुमची घोषणा कळत नाहीये."

हे वाक्य ऐकून कुणालाही मी वेडी वाटले असते. कदममामांनी वॉकीटॉकीवर त्यांच्या साहेबाला काय सांगितलं ते मला कळलं नाही, फक्त ते लष्करी आवाजात तीनदा 'सर' म्हणाले. पाच मिनिटांत मी रिसेप्शनच्या मागच्या खोलीत होते आणि माझ्यासमोर मायक्रोफोन होता. कुठली मराठी बोलायची, हाच प्रश्न पडला होता. पुस्तकातली बोलले असते तर तीही तिला परकीच.

मी म्हणाले, "आजी, वडूजची गाडी लागलीया. तुमी जिथं हायसा तिथनं हाक मारा. तुमाला घेतल्याबिगर गाडी हालायची न्हाई."

माझा आवाज बारा मजल्यांवर गेला. उपाहारगृहात, पोहण्याच्या तलावावर, धुक्यातल्या रिकाम्या डेकवर. मी पुन्हा एकदा तेच म्हणाले. मग भोंगा झाला.

टेबलावरचा फोन वाजला. मिरेला होती. ती कुजबुजत होती. "इथं ये. मागच्या खोलीतून कुणीतरी बोलतंय. तुझ्या भाषेत."

आमच्या स्टुडिओमागे पोशाखांची खोली होती. बंदरावर उतरणाऱ्या प्रवाशांबरोबर फोटो काढायला आमच्यातलं कुणीतरी वायकिंग, म्हणजे तिकडचा जुना दर्यावर्दी योद्धा व्हायचं, कुणी मोठा पफिन पक्षी. आम्ही दिवा लावला. एका बाजूला दाढीवाली मुंडकी, दुसऱ्या बाजूला केशरी चोचीचं ते अवाढव्य डोकं, आणि मध्ये एका पेटीवर ती बसली होती. पाय जुळवून, पिशवी मांडीवर घेऊन. तिनं मान वर केली.

"थांबीव म्हनावं जरा," ती म्हणाली. "पिशवी घेतीया. लय येळ लावलास गं."

मी तिचा हात धरला. तो विहिरीतल्या दगडासारखा गार होता. मागे मिरेला रडत होती, आणि कदममामा दारात ताठ उभे राहिले होते. त्यांनी नुसतं म्हटलं, "चला आक्का." तिनं त्यांच्याकडे बघून पदर सावरल्यासारखा स्वेटर सावरला.

जॉर्ज आणि अनुसया

तिचं नाव अनुसया, पासपोर्टवर अ‍ॅन. नवरा जॉर्ज, उंच, वाकलेला, कानात यंत्र. त्यांच्या केबिनमधल्या आरशावर त्यानं टॉवेल टाकला होता. "आरशातल्या बाईला ती घाबरते," तो म्हणाला. "ती म्हणजे आपण, हे तिला पटत नाही. म्हणून मी झोपलो की ती बाहेर पडते."

खटाव तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातली ती मुलगी. वडील लष्करात होते, त्यांनीच तिला मिरजेला नर्सिंग शिकायला घातलं. तिथून इंग्लंडच्या इस्पितळात. तिथं जॉर्ज भेटला. लग्नाचं कळवल्यावर घरून पत्रं यायची थांबली. तीन वर्षं ती लिहीत राहिली, मग तिनंही सोडलं. पुढे पन्नास वर्षांहून अधिक ती इंग्रजीत बोलली, इंग्रजीत भांडली. दोन वर्षांपूर्वी इंग्रजी शब्द जायला लागले, एकेक करून, आणि खालून हे वर आलं. जॉर्जला त्यातलं काही येत नव्हतं.

"ती आमच्या देशात बोटीनं आली होती," तो म्हणाला. "मला वाटलं, समुद्रावर नेलं तर काहीतरी आठवेल."

आठवलं होतं. फक्त तिला निघायचं होतं. आणि पहिल्याच दिवशी, व्हीलचेअरवरून चढताना, तिनं माझं आणि कदममामांचं बोलणं ऐकलं होतं. मग पाच दिवस ती मला शोधत फिरत होती, मला विचारायला की गाडी किती वाजता.

मिरेलानं मला रोज एक तास मोकळा दिला. मी आजींपाशी बसायची. मी घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी ती बोटानं चाटायची आणि म्हणायची, "तिखाट कमी हाय." गावाकडचं, विहिरीचं, वडिलांचं म्हणजे बापूंचं, तिच्या पाठच्या लहान भावाचं बोलायची. मी कोण, हे तिनं एकदाही विचारलं नाही. कधी बोलताबोलता थांबून माझ्या खांद्यावरून मागे बघायची, आणि मग मलाही मागे वळून बघावं लागायचं.

एके दिवशी जॉर्जनं विचारलं, "ती एक वाक्य सारखं म्हणते. दोन वर्षं. रोज." आणि त्यानं ते म्हणून दाखवलं. अर्थ न कळता पाठ झालेलं, इंग्रजी वळणाचं, पण प्रत्येक अक्षर जागेवर. "ह्यो म्हातारा कोन हाय? दिसभर माझ्याकडं बघत बसतोय."

तो उत्तराची वाट बघत होता. मी शिकले होते ते सगळं आठ सेकंदांचं होतं, आणि इथं त्याहून कमी वेळ होता.

"ती म्हणते," मी म्हणाले, "तुम्ही दिवसभर तिच्याकडे बघत बसता."

जॉर्ज हसला. "हो," तो म्हणाला. "बसतो."

पहिलं वाक्य मी त्याला कधीच सांगितलं नाही. हे बरोबर केलं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

उतरताना त्यानं तिच्या नर्सिंगच्या जुन्या दाखल्यावरचं गावाचं नाव आणि वडिलांचं नाव लिहून दिलं. "कुणी असेल तर सांग, ती आहे म्हणून. एवढंच." मी काढलेला तिचा एक फोटो मी जवळ ठेवला. दिवसाउजेडी, खिडकीपाशी, लेन्समध्ये सरळ बघणारा.

खटाव

पुढचे सहा महिने मी आणखी पुष्कळ बंदरं बघितली. त्याबद्दल कधी विचारलंत तर सांगेन. घरी आल्यावर चार दिवस झोपले आणि पाचव्या दिवशी कडेगावहून वडूजची एसटी धरली. ऊस मागे पडतो, मग जोंधळा लागतो, मग नुसती कुसळं आणि पठारावर पवनचक्क्या. वडूजपासून वडापच्या, माणसं भरली की सुटणाऱ्या जीपनं गेले. गावाचं नाव लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर सत्तरीचे एक गृहस्थ शेंगा निवडत बसले होते. सगळे त्यांना तात्या म्हणतात. तेही लष्करातून रिटायर. त्यांच्या सुनेनं चहा आणला. कुठून सुरुवात करावी हे मला येताना साऱ्या वाटेत सुचलं नव्हतं, म्हणून मी नुसता फोटो त्यांच्या हातात दिला.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं ते जरा घाबरूनच.

"आमच्या आईचा फोटो तुला कुठं घावला?" ते म्हणाले. "आन् आईनं हे इंग्रजी कापडं कवा घातली?"

त्यांनी मला आत नेलं. भिंतीवर गेलेल्या माणसांचे फोटो ओळीनं लावले होते. शेवटचा नऊवारीतल्या एका म्हातारीचा होता. मी सहा-सात महिने चेहरेच जुळवत आले होते. तेच गाल, तेच डोळे, आणि तशीच सरळ माझ्याकडे बघणारी नजर. कॉम्प्युटरनं दोघींना एकाच नंबरात टाकलं असतं.

"तुमच्या हातात हाय तो फोटो आईचा न्हाई, तात्या," मी म्हणाले. "ह्या अनुसयाबाई."

ते खाली बसले. मी सगळं सांगितलं; जहाज, धुकं, जॉर्ज. सून दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "मामा, आत्या तर..." आणि थांबली.

"आमाला सांगितलं हुतं की तिकडं ताप यून मेली," तात्या म्हणाले. "बापूंनी तेरावं घातलं. सगळा गाव जेवला. मी दहा वर्साचा हुतो." त्यांनी फोटो सदऱ्याच्या खिशात ठेवला, बटण लावलं, पुन्हा काढला, पुन्हा बघितला. "कवाचं म्हनलीस तिचं लगीन?"

मी सांगितलं. ते बोटांवर वर्षं मोजत होते. मला दिसत होतं की ती जुळत आहेत.

"म्हंजे तवा ती जिती हुती."

"व्हय."

"गव्हाची खीर केली हुती," तात्या म्हणाले. त्यांची नजर माझ्यावर नव्हती, अंगणात होती, पंगती बसल्या असतील तिथं. "गूळ भरपूर घातलेला. मी दोनदा मागून घेतली."